पालकांचा प्रवेश

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली, तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड होतो आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. कायद्यातलं ‘मूल’ मात्र सहा वर्षांपासून सुरू होतं. तीन वर्षांचं पोर त्यात बसत नाही, म्हणून ते प्रिन्सिपलसमोरच्या खुर्चीत बसतं.

मुंबई-पुण्यात याला मुलाखत म्हणत नाहीत, फक्त ‘भेट’ असते. भेटीला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि आई आदल्या रात्री पाठ केलेलं ‘आमची पालकत्वाची दृष्टी’ मनात घोळवत असते. बाईंनी चित्रातल्या केळ्याचा रंग विचारला. चिरंजीव म्हणाले, “काळा.” घरी केळी तशीच असतात, त्याला तो काय करणार? बाबांनी घाईघाईने “निरीक्षणशक्ती!” असा खुलासा केला. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

मग प्रतीक्षा यादी. रेल्वेचं वेटिंग बरं, तिथे निदान चार्ट तरी लागतो. इथे ऑफिसातले भाऊ “बघू, कळवू” एवढंच म्हणतात. त्यामुळे सोसायटीत सध्या अपूर्व बंधुभाव नांदतो आहे. शेजारच्या मुलाला दुसरीकडची, त्याहून महागडी शाळा मिळावी म्हणून लोक संकष्टी धरताहेत आणि रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये काळजीने विचारताहेत, “मग, तिकडची फी भरली ना एकदाची?”