गुडघ्यांसह गणेशोत्सव: नवशिक्यांसाठी

हे मार्गदर्शन यंदा पहिल्यांदाच गुडघे दुखू लागलेल्यांसाठी आहे. मुरलेल्यांनी वाचू नये. त्यांना सगळं येतं आणि ते न विचारता सांगतातही. प्रवेशाची अट एकच: जमिनीवरून उठताना तोंडातून ‘आई गं’ आपोआप निघालं पाहिजे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या चाळकऱ्यांना प्राधान्य, कारण सरावाला जिना घरचाच. एक्स-रे मागाहून काढा. समोरच्या खोलीतले काका तुमची चाल गॅलरीतून पाहून सांगतील, ‘ग्रीस संपलं!’ तिथे कूर्चा असते, ती झिजते, वगैरे त्यांना समजावू नका. त्यांचे दोन्ही गुडघे तुमच्याआधी गेलेत, ज्येष्ठता त्यांची.

श्रावण सरता सरता औषधं जमायला लागतात. महानारायण तेल, निर्गुडीचा पाला, ओव्याची पुरचुंडी, डिंकाचे लाडू आणि कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी. तेल खुशाल चोळून घ्या. लाडवांचं मात्र गणित आहे: अंगावर १ किलो चढला की चालताना दर पावलाला गुडघ्यावर सुमारे ४ किलोंचा भार वाढतो. गोळ्यांची पट्टी आभार मानून परत करा. हरतालिकेच्या निर्जळी उपासात तर वेदनाशामक गोळी नकोच. पोट आणि मूत्रपिंडं, दोघांनाही ती सोसत नाही.

जिन्याचा नियम पाठ करा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादर स्टेशनच्या पुलावर हा नियम लागू नाही; तिथे कोणता पाय आधी हे मागची गर्दी ठरवते. फुलं-दूर्वा आणायला घरातल्या कॉलेजवाल्याला पिटाळा.

आता दर्शन. लालबागच्या राजाला १९३४ पासून लोक येताहेत आणि रांगा दोन आहेत, एक नवसाची, एक मुखदर्शनाची. नवशिका हमखास नवसाच्या रांगेत शिरतो. गुडघा बरा होऊ दे, एवढंच मागायचं असतं, आणि ते मागण्यासाठी तो त्याच गुडघ्यावर तासन्‌तास उभा राहतो. बाप्पाने कुणाचं ऐकावं, नवसाचं की गुडघ्याचं? साधारण मूर्ती जितकी उंच तितकी रांग लांब, हे धरून चाला. त्या हिशेबाने गिरगावातली केशवजी नाईक चाळ उत्तम. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथे १८९३ साली बसला, १९०१ मध्ये लोकमान्य येऊन गेले, आणि मूर्ती अजून लहानच आहे. हात जोडा, चौकात टेका, घरी या.

आरतीत उभं राहणं जमतं. घात होतो शेवटी, स्वतःभोवती गिरकी घेताना. पाऊल जमिनीला रोवून नुसता गुडघा पिळू नका. लहान-लहान पावलं टाकत फिरा. भक्ती कमी पडत नाही, जरा उशिरा पोचते इतकंच.

मग येते खुर्ची, आणि खरं शिक्षण इथून सुरू होतं. मंडळाची प्लॅस्टिकची लाल खुर्ची मागायची नसते, ती आणली जाते. एखादा पोरगा ‘काका, बसा ना’ म्हणतो. पहिल्यांदा ‘अरे, नको’ म्हणावं. दुसऱ्यांदा ‘कशाला रे त्रास’. नवशिका तिसऱ्यांदाही नको म्हणतो आणि खुर्ची शेजारच्या काकांकडे जाते. माणूस चाळीत अधिकृतपणे म्हातारा होतो तो पहिली खुर्ची घेतल्या संध्याकाळी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर गेली दोन वर्षं तुम्ही खांबाला टेकून उभे होता. माझं मत विचाराल तर गुडघ्यापेक्षा ही ऐट जास्त दुखते, आणि तिच्यावर तेल नाही.

‘बदलूनच टाक’ असंही कुणी म्हणेल. २००० साली पंतप्रधान वाजपेयींनी ब्रीच कँडीत डावा गुडघा बदलून घेतला, पुढच्या वर्षी उजवा, तेव्हापासून हा सल्ला बल्ब बदलावा तशा सुरात मिळतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, गणपती तोंडावर असताना, सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, मग तर विचारू नका. पण नव्या गुडघ्यानेही उकिडवं बसू नका, मांडी घालू नका, असंच डॉक्टर सहसा सांगतात. म्हणजे खुर्ची काही सुटत नाही.

गुडघा लाल, गरम, टम्म सुजला, सोबत ताप असेल किंवा पायच टेकवत नसेल, तर मात्र काका, तेल, नवस सगळं बाजूला ठेवून थेट केईएम गाठा.

इथवर वाचून ज्यांनी मान डोलावली ते बहुतेक पुरुष असणार, कारण बाईमाणूस या वेळी आत विळीवर नारळ खवतंय. पन्नाशीनंतर गुडघे झिजण्याचं दुखणं बायकांतच जास्त, तरी मंडळाची खुर्ची स्वयंपाकघरात आलेली कुणी पाहिली आहे? एकवीस मोदकांच्या पाऱ्या पाटावर बसून वळल्या जातात, अंगठ्याचा सांधाही ठणकतो, आणि गौरी आल्या की त्याच गुडघ्यांवर रात्री फुगडी! दुसऱ्या दिवशी सूज आणि ऊब असेल तर शेक नको, फडक्यात गुंडाळून बर्फ. ओट्याला घट्ट बसणारी खवणी बाजारात मिळते. ती आणा, नारळ तुम्ही खवा. खवायला गुडघा लागत नाही.

आणि पुढच्या वर्षी वर्गणीची पावती फाडायला पोरं आली की खुर्च्या दोन सांगा. दुसरी कुठे ठेवायची असं विचारतील. ओट्यापाशी, म्हणावं.