जागा सोडून सगळं आहे

बेळगावजवळच्या कडोलीत कशाला जागा नाही? देवळाला आहे, तालमीला आहे, मंडळाच्या मूर्तीला आहे. साहित्य संमेलन तर दरवर्षी भरतं. त्यासाठी मांडव पडतो, वर्गणी गोळा होते, बाहेरगावच्या कवींना जेवण मिळतं. आता एकदा अशा शेडसाठी जागा मागून बघा, जिथं गावातल्या कुणीही यावं, ड्रिल हातात घ्यावं, वेल्डिंग शिकावं, बंद पडलेला फवारणी पंप उघडून बघावा, आणि त्यातून कुणाच्या खिशात नफा जाऊ नये. एवढं मोठं गाव, बघता बघता अपुरं पडतं.

समजा, मागितलीच. पहिला प्रश्न ठरलेला: "मागं कोण हाय?" म्हणजे कुठल्या पक्षाचं. कुणीच नाही म्हटलं की संशय दुप्पट. दुसरा प्रश्न, बोर्ड कुठल्या भाषेत? सीमाभागात लेथच्या आधी पाटी येते. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, म्हणजे रंगाऱ्यानं ब्रशबरोबर मोजपट्टीही आणायची. यावर दोन बैठका, एक निवेदन. लेथ राजकोटहून येवो नाहीतर बटाल्याहून, तोवर टेम्पोतच उभा.

तिसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो कुणी विचारत नाही. थ्री फेजचा मीटर कुणाच्या नावावर? वीज देणाऱ्या हेस्कॉमला 'गाव' नावाचा ग्राहक चालत नाही. सही करणारा एक माणूस लागतो, आणि सार्वजनिक कामात सही म्हटलं की सगळ्यांना एकदम शेतातली कामं आठवतात.

जागा नाकारण्यात बेळगाव अनुभवी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून बेळगावात आले, सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं शेतकरी म्हणत, तरी माणूस हटला नाही. हटवलं ते नगरपालिकेनं. तिथं नवी वस्ती वसवायची होती, जागा मोकळी करा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला आणि 10,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज. निवडुंग आणि साप वर मोफत. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावनं पुढं काय केलं? रस्त्याला त्यांचं नाव दिलं. बाजारात किर्लोस्कर रोड आहे, कडोलकर गल्लीही आहे. कारखाना गेला, रस्ता राहिला, आणि त्यावरही आता गाडी लावायला जागा मिळत नाही.

पुढं बेळगावात उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत झाली, फौंड्र्या आल्या, हे मान्य. आमच्या भागातली पोरं डबा घेऊन सकाळी तिकडं नाहीतर होनग्याला जातात. पण आठ तास दुसऱ्याचा जॉब अचूक उतरवणाऱ्या पोराला स्वतःच्या डोक्यातलं काही करायचं झालं तर घरी धड पक्कडही नसते. बटाटे वेगळे करणारी चाळण, ओल्या बांधावर न घसरणारी हातगाडी, आजोबांना चढता येईल अशी मोरीची पायरी. हे सगळं मोबाइलमध्ये व्हिडिओ बघण्यापुरतंच राहतं.

यावर एक हुकमी उत्तर येतं: सरकारनं केलंय की! अटल टिंकरिंग लॅब. 2016 पासून योजना आहे, शाळेला 20 लाखांपर्यंत मिळतात, अटीत 1,500 चौरस फूट जागा. योजना वाईट नाही. पण ती सहावी ते बारावीच्या पोरांची, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. थ्रीडी प्रिंटरवर कापड घातलेलं असतं. पाहुणे आले की कापड निघतं, प्रिंटर एक बाहुली काढतो, टाळ्या होतात, कापड परत. बारावीनंतर पोराला लॅब बंद, आणि त्याच्या बापाला ती कधी उघडीच नव्हती.

शहरात सोपं असेल म्हणावं, तर मुंबईचं 'मेकर्स असायलम' बघा. 2013 साली कचेरीचं छत कोसळलं, म्हणून तिथल्या मंडळींनी स्वतःच फर्निचर करायला घेतलं, आणि त्यातून ही सामाईक कर्मशाळा झाली. छत पडल्यावर जागा सापडली असं हे एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे. पुढं मुंबईतच बिऱ्हाडं बदलत राहिले. कोविडात याच मंडळींनी सुरू केलेल्या कामातून देशभरच्या कर्मशाळांनी 49 दिवसांत 10 लाख फेसशील्ड बनवली. कौतुक भरपूर झालं. कौतुकातून भाडं वळतं करता येत नाही. ते आता गोव्यात, मोयऱ्याला आहेत.

खरा धडा पाबळचा. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, पावसाची बोंब. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 मध्ये तिथं गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली पोरं घेतली आणि त्यांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती असं सगळंच करायला लावलं. शिकायचं ते गावाचं काम करून, आणि कामाचे पैसे घ्यायचे. राहायला काय? पोरांनीच लोखंडी अँगल जोडून घुमट उभारले. पाबळचे घुमट पुढं इतके नावारूपाला आले की दुसरीकडून मागणी येऊ लागली. म्हणजे जागा शोधण्याच्या भानगडीत न पडता छप्पर हाच पहिला जॉब. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांची फॅब लॅब ही कर्मशाळा तिथं आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. आज जगात अशा दोन हजारांवर लॅब आहेत. पाबळला आधी हात होते, मग लॅब आली. आपल्याकडे आधी कोनशिला येते.

म्हणून माझा फुकट जागेला विरोध आहे. औंधच्या राजानं जागेबरोबर कर्जही दिलं, पण ते परत घ्यायच्या बोलीनं. आजचा दाता परत काहीच मागत नाही, फक्त दारावर वडिलांचं नाव, भिंतीवर स्वतःचा फोटो आणि निवडणुकीच्या महिन्यात शेड रिकामी. त्यापेक्षा भाडं द्यावं, पावती घ्यावी. ज्या गावाला संमेलनाची वर्गणी जमवता येते, त्याला महिन्याचं भाडं जमणार नाही हे मला पटवू नका.

राहता राहिला गावातला वेल्डर. त्याचा आक्षेप सगळ्यांत रास्त: तुम्ही फुकट शिकवणार, मग मी काय खाऊ? ह्या प्रश्नातच मला जागा दिसते. शेड त्याच्याकडे आहे. थ्री फेज आहे, मीटर त्याच्या नावावर आहे, भिंती आधीच काळ्या आहेत. संध्याकाळी सातला तो शटर ओढतो. सात ते दहा शेड भाड्यानं घ्या आणि त्यालाच तासावर मास्तर नेमा. पाटी नको, म्हणून साठ टक्क्यांचा हिशेब नको. वेल्डर नाही म्हणेल असं वाटत नाही. पण त्याचा एक प्रश्न येणार, आणि जगातली प्रत्येक सामाईक कर्मशाळा त्याच प्रश्नावर अडखळते: "शिकवतो की ओ, त्यात काय. खरं, पोरं हत्यारं जाग्यावर ठेवतील काय? माझा सोळा-सतराचा पाना गेलेला अजून गावलेला नाही."