गाणं एक, कान छप्पन्न

ज्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर व्हायला 1988 च्या घोषणेपासून 2023 उजाडलं, त्या शहरात एका गाण्यावर एकमत व्हावं ही अपेक्षाच चूक. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. मतं मात्र चोवीस तास, भरपूर दाबानं. लग्नसराई लागली की बीड बायपासच्या लॉनांवर 'जीव रंगला' वाजायला लागतं आणि त्याच्या पाठोपाठ गुलमंडीपासून सिडकोपर्यंत वादही वाजायला लागतो. गाणं बरं की बिघडलेलं? लोकसंगीत की सिनेमावाल्यांचा साज? कादंबरीशी इमान राखलं की विकलं?

आधी हकिगत, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती ठाऊक नसते. राजीव पाटील यांचा 'जोगवा' 2009 साली आला. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा, यांतून तो उभा राहिला. सुली ही देवीला सोडलेली जोगतीण, तायप्पा हा साडी नेसायला लावलेला जोगता. संगीत अजय-अतुल यांचं, शब्द संजय कृष्णाजी पाटील यांचे, आवाज हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे. 56 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीतकार, गायक आणि गायिका असे तिन्ही मान या सिनेमाला मिळाले, आणि दोन्ही गळ्यांचे मान याच युगुलगीतानं आणले. दिल्लीचं एकमत झालं. औरंगपुऱ्याचं अजून बाकी आहे.

पहिला नंबर कादंबरी वाचलेल्या श्रोत्याचा. हा माणूस गाणं सुरू झालं की डोळे मिटून मान हलवतो, पण नकारार्थी. "गवसांच्या पानांवर एवढा गोडवा नाही हो," म्हणतो. सांगतो अशा आवाजात की जणू सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर अनवाणी जाऊन आलाय. प्रत्यक्षात पुस्तक वाचनालयाचं, आणि गेल्या दिवाळीपासून याच्याच कपाटात. त्याचं म्हणणं खोटं नाही, ते लिखाण रखरखीतच आहे. पण पुस्तकातला रखरखीतपणा जसाच्या तसा हवा असेल तर पुस्तक आहेच की. आधी पुस्तक, मग गाणं, असा क्रम तरी कुणी ठरवला? 1978 साली केट बुश नावाच्या इंग्लिश पोरीनं एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'वर गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिनं आधी टीव्हीवरच्या रूपांतराचा शेवट पाहिला होता, पुस्तक नंतर हातात घेतलं. तिकडच्या वाचकांनी तिला वाचनालयाचा दंड केल्याचं ऐकिवात नाही.

दुसरे शुद्ध लोकसंगीतवाले. यांना व्हायोलिन ऐकू आलं की पोटात दुखतं. "यात माती कुठंय?" हा यांचा ठरलेला सवाल, आणि तो एसी गाडीच्या काचा वर करून विचारलेला. यांना मी एवढंच सांगतो की या भेसळीचा मूळपुरुष इथून 50 किलोमीटरवर, पैठणला होऊन गेला. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी लोकांचं भारूड घेतलं, गोंधळ घेतला, जोगवासुद्धा घेतला आणि त्यात सरळ वेदान्त भरला. दारोदार परडी घेऊन फिरणाऱ्यांचं मागणं त्यांनी ज्ञानाचं मागणं करून टाकलं. तेव्हाही कुणीतरी म्हणालाच असणार की अहो, यात माती कुठंय?

बरं, नाथ लांबचे वाटत असतील तर आपल्याच जिल्ह्यात या. सोयगाव तालुक्यातलं पळसखेडं, अजिंठ्याच्या डोंगराजवळचं. तिथं ज्वारी-कपाशीच्या रानात राहून ना. धों. महानोरांनी 1977 च्या 'जैत रे जैत' या सिनेमाची गाणी लिहिली. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, माणसं कर्नाळ्याच्या डोंगरातले ठाकर, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या, गळे लता-आशांचे. गाणी करणाऱ्यांपैकी मात्र ठाकरवाडीत कुणीच जन्मलेलं नव्हतं. आज तीच गाणी हे शुद्धवाले अस्सल मातीचा पुरावा म्हणून काढून दाखवतात. थोडक्यात, शुद्ध म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं मुरलेली भेसळ. 'जीव रंगला'ला अजून वीस-पंचवीस वर्षं द्या. हेच लोक तेव्हाच्या पोरांना सुनावतील, "आमच्या वेळी बघा, अस्सल असायचं."

तिसरे उच्चारवाले. हरिहरन तमिळ घरातले, मुंबईत वाढलेले. श्रेया घोषाल बंगाली, वाढल्या राजस्थानात. दोघांनी मिळून कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या जोगत्या-जोगतिणीचं दुःख गायलं. आणि त्यांचा 'ळ' तपासायला बसलाय कोण, तर उस्मानपुऱ्यातला बंडू, जो घरी "मम्मी, टॉवेल दे" म्हणतो आणि ज्याचा मुलगा मराठीचा पेपर गाइडवर काढतो.

चौथे राग ओळखणारे. पहिल्या दोन ओळींत राग सांगून मोकळे होतात. सांगून झालं की शेजाऱ्याकडं बघतात. शेजाऱ्यानं दुसराच राग सांगितला की तिथून पुढं वाद त्यांचा, आणि गाणं बिचारं एकटंच संपतं.

पाचवी पोरं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हेच गाणं गिटार करकरवून आणि ड्रम बडवून होतं. पोरं त्याला फोक-रॉक म्हणतात, प्राध्यापक धिंगाणा म्हणतात. मी पोरांच्या बाजूचा, पण अटीसह. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत संबळवाल्याच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसानं ड्रमच्या आवाजाबद्दल तक्रार करू नये. देवीची वाद्यं सौम्य कधीच नव्हती. ती अंगात येण्यासाठी असतात, अभ्यास करताना मागं लावण्यासाठी नाही. अट एवढीच की ड्रमरनं मधूनमधून गाणाऱ्या पोरीलाही ऐकू येऊ द्यावं. युगुलगीत आहे बाबा, कुस्ती नाही.

आता स्पर्धा. शहरातल्या एका सभागृहात बालगायकांची फेरी होती. नऊ-दहा वर्षांची दोन लेकरं, एक मुलगा, एक मुलगी, दोघांच्या गालाला पावडर. पहिल्या रांगेत दोन्हीकडचे आईबाप मोबाइल उंच धरून. लेकरं सुरात गायली, अगदी नीट. मग परीक्षकांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "सूर छान बेटा, पण फील थोडा कमी पडला." अहो साहेब, गावानं आणि देवळानं मिळून ज्यांचं लग्न कायमचं नाकारलं, अशा दोन जिवांचं ते गाणं. त्याचा फील तिसरी-चौथीतल्या लेकरानं आणायचा कुठून? कमी पडला हे त्या लेकरांचं नशीब म्हणा. पण परीक्षकांनी गुण कापले आणि आईबापांनी फीलची वेगळी शिकवणी लावायचं ठरवलं.

आणि शेवटी गिऱ्हाइकांत सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे लग्नवाले. आधी म्हैसमाळच्या धुक्यात प्री-वेडिंगचं शूटिंग. नवरी पैठणीत, नवरा पैठणगेटवरून भाड्यानं आणलेल्या शेरवानीत, पार्श्वभूमीला हेच गाणं. सिनेमातल्या नायकाच्या अंगावर साडी आहे आणि ती त्यानं हौसेनं नेसलेली नाही, हे नवरदेवाला कुणी सांगत नाही. सांगू पण नये, ऐनवेळी बिचकायचा. मग लग्नाच्या दिवशी नवरीची एंट्री. चार भाऊ फुलांची चादर धरून, धुराचं मशीन सुरू, डीजेनं आवाज वाढवलेला.

अशाच एका एंट्रीच्या वेळी मी गेटपाशी उभा होतो. एक बाई आली. कपाळभर हळद-कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. लग्नघरी जोगवा मागायला आली होती, तिच्या आईनं आणि आजीनंही मागितला असणार. वॉचमन म्हणाला, "मावशे, बाजूला हो, शूटिंग चालूय." ती बाजूला झाली. मांडवातून व्हायोलिनं ऐकू येत होती. कुणीतरी दहाची नोट पाठवली, पण ती आत बोलावण्यासाठी नव्हती, लवकर घालवण्यासाठी होती. ज्यांच्या दुःखाचं ते गाणं, त्यांच्याच जातकुळीतली बाई गेटवर, आणि आत सगळे रंगलेले. तिचं मत कुणी विचारलं नाही. छप्पन्न कानांमध्ये तिचे दोन कुणी धरलेच नव्हते.

मुद्दा इथं येतो. हे सगळे वाद सोयीचे आहेत. व्हायोलिनं जास्त झाली का, 'ळ' बरोबर लागला का, गवसांचं मूळ कुठं राहिलं, यावर रात्रभर बोललं तरी कुणाला काही करावं लागत नाही. गाण्याच्या मागची गोष्ट काढली की मात्र अडचण होते. केसांत गुंता होऊन जट आली म्हणून पोर देवीची ठरते. लघवीतून रक्त गेलं म्हणून तरण्याताठ्या पोराला दवाखाना दाखवण्याऐवजी साडी नेसवली जाते. कर्नाटकानं 1982 मध्ये कायदा केला, महाराष्ट्राला देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा करायला 2005 साल लागलं. आजही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांच्या डोक्यातल्या जटा सोडवत फिरतात. कात्री चालवायला काही मिनिटं लागतात, घरच्यांची समजूत घालायला कितीतरी फेऱ्या. त्या कामाला मतांची नाही, माणसांची कमतरता आहे.

तेव्हा माझाही निकाल देऊन टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळ्यांना बोलला आणि स्वतः कुंपणावर बसला. गाणं उत्तम आहे. व्हायोलिनं भरपूर आहेत आणि तिथं ती हवीतच. ज्या दोघांच्या वाट्याला वरात कधीच येणार नव्हती, त्यांच्यासाठी संगीतकारानं एक वरात बोलावली, एवढाच त्याचा अर्थ. कादंबरीला जे द्यायचं नव्हतं ते गाण्यानं दिलं. यात कादंबरीचं काही गेलं नाही. चूक गाण्याची नाही. गोड लागलं की आपण गोष्ट विसरतो, ही चूक कानांची.

लग्नात खुशाल वाजवा. पोरांना गिटारवर वाजवू द्या, लेकरांना मोठी होऊ द्या आणि मग गाऊ द्या. फक्त पुढच्या वेळी परडी घेऊन कुणी गेटवर आली, तर तिला आत बोलवा, पंगतीत बसवा, "मावशी, आणखी वाढू का?" विचारा. नात्यागोत्यात कुठल्या पोरीच्या डोक्यात जट दिसली तर देवऋषाकडं नेऊ नका, समितीला फोन करा. एवढं झालं की मग सांगा व्हायोलिनं जास्त झाली का कमी. बसून ऐकून घेऊ.