केंडाच्या आहाराविषयी

तीर्थरूप आई व अण्णा यांच्या चरणी एडिसन, न्यू जर्सी येथील चिरंजीव, सूनबाई व नातू यांचा साष्टांग नमस्कार, वि. वि. पत्रास कारण की, "त्या माशाला पोटभर घालता ना?" या आईंच्या पृच्छेचे उत्तर फोनवर मावणारे नसल्याने ते येथे सविस्तर देण्यात येत आहे.

सदर मासा हा, मालवणच्या जाळ्यात दिसताच मच्छीमार ज्याला शिव्या घालतात, त्या केंडाचाच भाऊबंद होय. शास्त्रीय नाव ॲरोथ्रॉन नायग्रोपंक्टेटस, आणि तोंडवळा कुत्र्यासारखा असल्याने बाजारात डॉगफेस पफर. त्याच्या कुळात वरचे दोन व खालचे दोन असे चार जुळलेले दात मिळून चोच बनते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. समुद्रात शिंपले, खेकडे व प्रवाळ फोडताना ती आपोआप झिजते. टाकीत मात्र नुसते मऊ मांस मिळत गेले, तर दात इतके वाढतात की खाणेच अशक्य होते, आणि मग लवंगेच्या तेलाने माशाला गुंगी आणून ते कापावे लागतात. येथील दंतवैद्यांचे दर माणसांनाच परवडत नसल्याने कवचासकट खाद्य देण्याचे धोरण कुटुंबाने एकमताने स्वीकारले असून, आई ज्या तिसऱ्यांची एकशिपी करतात, त्यांच्या जातकुळीचे शिंपले येथे दोन्ही शिंपांसह टाकीत जातात आणि माणसांच्या ताटात उरलेसुरले येते. कोळंबीही न सोलता दिली जाते. मात्र रोज तेच ते देणे घातक, कारण काही कच्च्या मासळीत व शिंपल्यांत थायमिनेज नावाचे विकर, म्हणजे ब१ जीवनसत्त्व मोडणारे द्रव्य असते. म्हणून आलटून पालटून माकुल व खेकड्याच्या नांग्याही आणाव्या लागतात.

राहता राहिला पोटभरीचा प्रश्न. पूर्ण वाढलेल्या केंडाला एकाआड एक दिवस, तेही पोटाला किंचित गोलाई येईपर्यंतच द्यावे, असा जाणकारांचा दंडक आहे. परंतु हा मासा अन्नदात्यास ओळखतो, काचेपाशी येऊन अंग घुसळतो, पाण्याची पिचकारी मारतो, आणि आदल्या रात्रीचे जेवण साफ विसरल्याचा असा काही अभिनय करतो की नातू व चिरंजीव परस्परांच्या नकळत त्याला दोनदा वाढतात. जादा अन्न कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते काढण्यासाठी पाणी बदलण्याचे काम न्यायाने चिरंजीवांकडे येते. विरघळलेला मळ बुडबुड्यांच्या फेसात पकडून बाजूला काढणाऱ्या यंत्रास प्रोटीन स्किमर म्हणतात. त्याचा पेला सूनबाईंनी एकदा गॅलरीत उपडा केल्यापासून शेजाऱ्यांची सुकटीबद्दलची तक्रार कायमची थांबली आहे. खाद्य लांब चिमट्याने द्यावे लागते, कारण शिंपला फोडणाऱ्या चोचीला नातवाचे बोट जड नाही.

अण्णांनी हळूच विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत इतकेच की, केंडाच्या अंगातले टेट्रोडोटॉक्सिन हे विष मुळात जिवाणूंचे असून खाद्यातून साठते, त्यामुळे टाकीत वाढलेला मासा निर्विष असू शकतो. तथापि रस्सा करून ही बाब पडताळण्याची येथे कोणाचीही तयारी नाही. तिरफळे बांगड्यासाठीच हवी आहेत, ती अवश्य पाठवावीत. कळावे, आशीर्वाद असावेत.