बर्फाचं टेंडर

कोजागरी झाली की आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास बाहेर येतात : माळ्यावरची ब्लँकेटं आणि आप्पांची फाइल. ब्लँकेटं गच्चीवर उन्हात पडतात, फाइल सी विंगसमोरच्या बाकावर. कोपरे झिजलेली, फीत बांधलेली, वर जाड मार्करने एकच शब्द : ‘बर्फ’.

नव्या भाडेकरूंना वाटतं, आप्पांचा बर्फाचा कारखाना असावा. तसं काही नाही. आप्पांना स्कीइंग करायचं असतं. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे दसऱ्यापासून कुरकुरणारे, आणि पारा सोळाच्या खाली उतरला की कानटोपीशिवाय दूध आणायलाही न जाणारा हा माणूस कित्येक वर्षं ठरवतो आहे, की उणे दहा अंशांत घसरायला नेमकं कुठे जावं.

‘ठरवतो आहे’ हे क्रियापद जरा सावकाश वाचा. आप्पांच्या बाबतीत ते दुसऱ्या कुठल्या काळात चालत नाही.

त्यात त्यांचा तरी काय दोष? पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते खरेदी खात्यात होते. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, वाटाघाटी आणि साहेबांची सही एवढं झाल्याशिवाय त्या गेटातून खिळासुद्धा आत यायचा नाही. आप्पा निवृत्त झाले, पण पद्धत कामावरच राहिली. घरात तूरडाळ तीन दुकानांचे भाव घेऊन येते. धाकटीसाठी स्थळं बघताना त्यांनी तीन मुलांचा तक्ता केला होता आणि एकाची नोकरी कंत्राटी म्हणून शेऱ्याच्या रकान्यात ‘वॉरंटी नाही’ असं लिहिलं होतं. धाकटीने चौथ्याच मुलाशी लग्न केलं. तो तक्त्यात नव्हता. आप्पांचं जावयाशी उत्तम जमतं, पण त्याच्याकडे बघताना चेहऱ्यावर अजून ‘हा माल चलनाशिवाय आत आला कसा’ असा भाव असतो.

बर्फाचं खूळ डोक्यात शिरलं ते स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्यामुळे. तो युरोपची सहल करून आला आणि टिटलिसच्या डोंगरावर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी काढलेला फोटो सगळ्यांना दाखवत सुटला. आप्पांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘एवढे पैसे खर्चून बर्फावर नुसता उभा राहिलास?’’ त्या दिवशी ठरलं. आपण जायचं ते घसरायला. तेही आपल्या देशात. ठिकाण काय, काढू तीन कोटेशनं.

पहिलं गुलमर्ग. दुसरं उत्तराखंडातलं औली. तिसरं मनालीजवळचं सोलंग. तक्त्यावर आडवे रकाने : उंची, उतार, वर नेण्याची सोय, प्रशिक्षण, निवास, जेवण (कांदा-लसूण चालेल) आणि शेवटी ‘डिलिव्हरी’. म्हणजे बर्फाची.

गुलमर्गचं पान मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. गाव साधारण 2,650 मीटरवर. तिथून गोंडोला. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, 1998 साली सुरू झाला. दुसरा थेट अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर, तो 2005 सालचा. ‘‘दोन टप्प्यांत सात वर्षांचं अंतर,’’ आप्पा म्हणायचे, ‘‘पण सरकारी काम असून पूर्ण झालं, हे लिहून ठेव.’’ मी कुठे लिहून ठेवणार? ते स्वतःच लिहायचे. मग चिल्लई कलान : 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांची कडक थंडी, तिच्यामागून वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांची चिल्लई बच्चा. थंडीलाही तिथे आजोबा, वडील, नातू आहेत याचं आप्पांना फार कौतुक.

औलीचं पान मात्र चिठ्ठ्यांनी फुगलेलं. समोर 7,816 मीटरची नंदादेवी, उतार सुरेख, 2011 साली तिथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही झालेल्या. शिवाय कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रं. हे वाचून आप्पा बाकावरून उठलेच. ‘‘अरे, म्हणजे बॅकअप जनरेटर!’’ पुढे कळलं की यंत्र फक्त पाणी फवारतं, ते गोठायला लागणारी थंडी आपली आपण आणावी लागते. आप्पा हळूच बसले. त्यात जोशीमठ ते औली हा चार किलोमीटरचा रोपवे. आप्पांचा सगळा जीव त्याच्यावर, आणि जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, रोपवे बंद झाला. त्या दिवशी आप्पांनी फाइल उघडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, ‘‘माणसांची घरं गेली रे. आपण घसरायच्या गोष्टी काय करतोय.’’ चक्रम वाटला तरी माणूस असा आहे.

आता डिलिव्हरीचा रकाना. आप्पांचं म्हणणं साधं होतं : माल मिळेल याची लेखी हमी द्या, आगाऊ पैसे घ्या. त्यांनी टंगमर्गला स्की भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला. स्पीकर चालू, आम्ही चारजण साक्षीदार.

‘‘जनवरी के दूसरे हफ्ते में बरफ पक्का मिलेगा क्या?’’

‘‘जनाब, वो तो अल्लाह की मर्ज़ी।’’

आप्पांनी मान डोलावली आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘डिलिव्हरी – अल्लाची मर्जी’. औलीच्या हॉटेलवाल्याने ‘बदरी विशाल की कृपा रही तो’ असं सांगितलं, तेही जसंच्या तसं नोंदलं गेलं. सोलंगचा माणूस मात्र पहिल्या दमात म्हणाला, ‘‘सर, आप आ जाओ, कल ही गिरेगी, एकदम पक्का!’’ आप्पांनी फोन ठेवला आणि सोलंगच्या नावावर पट्टीने रेघ मारली. चौतीस वर्षांत ‘कल पक्का’ म्हणणाऱ्या एकाही व्हेंडरचा ट्रक दुसऱ्या दिवशी गेटावर आलेला त्यांनी पाहिला नव्हता.

पण रेघ मारल्यावर राहिली दोन कोटेशनं. आणि दोन कोटेशनांवर खरेदी होत नाही! त्यामुळे तिसऱ्याचा शोध. कुफ्रीबद्दल कोणीतरी सांगितलं, तिथे बर्फ कमी आणि घोडे जास्त. नारकंड्याला फोन लागला नाही. असे दोन हिवाळे गेले.

या काळात आप्पा हवामानशास्त्री झाले. काश्मीरचा बर्फ पश्चिमी झंझावातातून येतो, आणि ते झंझावात भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान करत येतात, हे समजल्यावर त्यांना विषय एकदम घरचा वाटू लागला. सकाळी दूधवाल्याच्या रांगेत आम्ही विचारायचो, ‘‘आप्पा, काय परिस्थिती?’’ ‘‘माल निघालाय,’’ आप्पा म्हणायचे, ‘‘सध्या इराणजवळ आहे, ट्रान्झिटमध्ये.’’

मग आला जानेवारी 2024. गुलमर्गमध्ये आठवड्यामागून आठवडे कोरडे गेले. जिथे माणूसभर बर्फ असायचा तिथे तपकिरी गवत, असे फोटो सगळ्या पेपरांत आले. बुकिंग केलेल्या लोकांचे चेहरे पडले, आप्पांचा मात्र असा खुलला की जणू लॉटरी लागली. पेपर घेऊन दारोदार फिरले. ‘‘म्हणून मी घाई करत नाही!’’ न केलेल्या प्रवासाचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच आठवड्यात काकूंचा भिशीचा नंबर लागला.

काकू आत्तापर्यंत या गोष्टीत आल्या नाहीत, कारण फाइलचा विषय निघाला की त्या चहा ठेवायला आत जात. महिनाअखेरीस गुलमर्गला बर्फ पडल्याचं टीव्हीवर दिसलं. काकू चप्पल घालून कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेल्या आणि फेब्रुवारीअखेरची दोन माणसांची सहल बुक करून कोथिंबीर घेऊन परत आल्या.

आप्पांच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडायला वेळ लागला. ‘‘सिंगल टेंडर?’’

‘‘हो.’’

‘‘अगं, सिंगल टेंडरला कारण द्यावं लागतं. नोट लिहावी लागते.’’

‘‘मग लिहा,’’ काकू कोथिंबीर निवडत म्हणाल्या. ‘‘लिहा, की गुडघे आहेत तोवर मला बर्फ बघायचा आहे.’’

ती नोट फाइलमध्ये आहे. मी पाहिली आहे. खाली आप्पांची सही आणि ‘विशेष बाब म्हणून मंजूर’.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण काकूंकडून दहादा ऐकलं आहे. टंगमर्गला गाडी थांबते, ड्रायव्हर चाकांना साखळ्या बांधतो, आणि प्रवाशांना भाड्याचे गमबूट नि ओव्हरकोट घ्यायला बोलावणारी दुकानं रांगेने उभी असतात. ती बघून आप्पांचे डोळे पाणावले म्हणे. समोरासमोर तीन नव्हे, दहा-बारा व्हेंडर! काकू पहिल्या दुकानातून बूट घालून बाहेर आल्या, आप्पा सगळी रांग फिरून पाऊण तासाने त्याच दुकानात परतले. तोवर त्यांच्या मापाचे बूट गेले होते. एक नंबर मोठे मिळाले.

गोंडोलाचंही तसंच. तिकिटं ऑनलाइन निघतात आणि ती कोणाच्या विचाराची वाट बघत नाहीत. दुसऱ्या टप्प्यावर जावं की नाही याचे फायदे-तोटे आप्पा मांडत होते, तेवढ्यात तो टप्पा भरला.

आणि मग ती अकरा सेकंदांची चित्रफीत. काकूंच्या मोबाइलवर आहे, आख्ख्या सोसायटीने पाहिली आहे, वॉचमनने दोनदा.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. स्कीचा बूट हा बूट नसतोच, तो प्लास्टरचा प्लास्टिकमधला भाऊ. टणक कवच, पुढे चार बकला, घोटा बांधलेला, माणूस आपोआप पुढे वाकलेला. आप्पांनी प्रत्येक बक्कल उघडून-लावून पाहिली, तळ उलटा करून बघितला, पट्टीवरचा स्प्रिंगचा खटका अंगठ्याने दाबला. इनवर्ड इन्स्पेक्शन. मग पुढचा चवडा खाचेत, टाच खाली, ‘टक्’. दुसरा पाय, ‘टक्’. शिकवणारा काश्मिरी मुलगा वीस-बावीसचा. तो म्हणाला, ‘‘अंकल, अब पिज़्ज़ा बनाओ।’’

‘‘आज संकष्टी आहे,’’ आप्पा म्हणाले. ‘‘मैं पिज़्ज़ा नहीं खाता.’’

पिझ्झा म्हणजे पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झ्याच्या फोडीसारखा आकार. पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. नवशिक्याचा ब्रेक तो एवढाच. काकूंनी ऐकलं, पाय फेंगडे केले आणि ‘गणपती बाप्पा’ म्हणून सुटल्या. पन्नासेक फूट गेल्या, बसकण मारली, आणि बसल्या जागी हसत राहिल्या. मग उठून फोन काढला, नवऱ्याचा फोटो घ्यावा म्हणून.

चित्रफितीत आप्पा उताराला पाठ करून उभे आहेत. कानटोपी, वर गॉगल, एक बोट उंच. मुलाला विचारत आहेत, ‘‘पहले मुझे ये बताओ, ये जो तीन ढलान है, इनमें फरक क्या…’’ आणि इथून ते जाऊ लागतात. मागे. अगदी संथ. बोट तसंच उंच, चेहरा मुलाकडे, वाक्य चालूच : ‘‘…मतलब रेट में क्या फरक… और टाइम… अरे, तू कुठे चाललास?’’ मुलगा जागचा हललेलाही नाही. स्लेज ओढणारा एक दांडगा माणूस मध्ये आला, आप्पा त्याच्या पोटावर टेकले आणि त्याने त्यांना दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ठेवावा तसं सरळ करून ठेवलं. शेवटच्या सेकंदाला आप्पांचा आवाज येतो : ‘‘ब्रेक नहीं है, ये पहले बोलना चाहिए था!’’

दोघं परतले ते गालांना लाली आणि चार डबे अक्रोड घेऊन. काकू तीन दिवस घसरल्या. आप्पाही घसरले, पण ते त्यांच्या हिशेबात धरत नाहीत. ‘‘ती चाचणी होती,’’ ते म्हणतात, ‘‘ऑर्डर अजून द्यायची आहे.’’ पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, बर्फ नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. ते कात्रण त्यांनी कौतुकाने चिकटवून ठेवलं आहे. सरकारलासुद्धा डिलिव्हरीची हमी मिळाली नाही, तर आपण कोण!

सध्या फाइल नवी आहे. देशात पुरवठा बेभरवशाचा, म्हणून आता आयात. अल्माटीजवळचं शिम्बुलाक आहे, 2,260 पासून 3,200 मीटरपर्यंत लिफ्ट, कझाकस्तानला आपल्याला चौदा दिवस व्हिसा लागत नाही. जॉर्जियातलं गुदौरी आहे. स्वित्झर्लंड काकूंनी ‘कटआउट इथेच करून देते’ म्हणून नामंजूर केलं. काकूंची नवी भिशी मार्चमध्ये लागते, तेव्हा वेळ थोडा आहे आणि तिसरं कोटेशन अजून आलेलं नाही. वाचकांपैकी कोणी जाऊन आलं असेल तर आप्पांना कळवावं. दुपारी दोन ते चार झोपतात. फक्त कृपा करून ‘बर्फ एकदम पक्का’ असं सांगू नका, ते रेघ मारतील.