ऑप्शनचा कागद शीळ रस्त्यावर भरा

भाचा रविवारी सकाळी नव्या गाडीच्या ऑप्शनचा कागद घेऊन डोंबिवलीला घरी आला. राहतो ठाण्यात घोडबंदर रोडला, सासुरवाडी कल्याणला. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ज्या दोन दारांच्या बुटक्या गाडीची चित्रं काढायचा, तशी गाडी आता बुक करतोय. मला मनापासून आनंद झाला. ‘एवढ्यात फ्लॅट झाला असता’ हे त्याला सगळे नातेवाईक ऐकवतायत, मी ऐकवणार नाही. कष्टाचा पैसा आहे, हौस करावी.

पण कागद वाचला आणि त्याच्याकडून पेन मागून घेतलं.

२० इंची चाकं, खूण. डायमंड कट फिनिश, खूण. आवाजाचा स्पोर्ट एक्झॉस्ट, खूण. कार्बन सिरॅमिक ब्रेक, प्रश्नचिन्ह. आणि गाडीचं नाक उचलणारी यंत्रणा? तो रकाना कोरा.

“मामा, नाक उचलून काय करायचंय?”

“चहा संपव,” म्हटलं, “आणि चल. शीळफाट्यापर्यंत जाऊन येऊ.”

सोसायटीच्या फाटकाबाहेरच त्याला खाली उतरवलं आणि हातात टेप दिली. समोरचा स्पीडब्रेकर मोजायला लावला. उंची १४ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे चाक अलगद चढावं आणि अलगद उतरावं. आमच्याकडे तो डांबराचा ढीग असतो. कुणी मागितला, कुणी टाकला, कुणी मोजला, काही पत्ता नाही. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून १२-१३ सेंटीमीटरवर असतं. आता हिशोब तूच कर, म्हटलं. पोर्शच्या ९११ला नाक उचलायचा ऑप्शन मिळतो. बटण दाबलं की पुढची बाजू सुमारे ४ सेंटीमीटर वर येते. ठाणे-कल्याण पट्ट्यात राहणाऱ्याने कागदावर पहिली खूण तिथे करावी. हे ४ सेंटीमीटर मिळत असतील तर बाकी सगळं सोडून द्यावं.

एक्झॉस्टवर मी सरळ काट मारली. रात्री साडेअकराला सोसायटीत शिरताना दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठतं. आवाज आवडतो, मलाही आवडतो. पण आवाजासाठी पैसे भरून शेजाऱ्याची झोप विकत घेऊ नये.

मग शीळ रस्ता. या रस्त्याला गाड्यांची जुनी ओळख आहे. १९९०च्या दशकात याच रस्त्यालगत प्रीमियरच्या कारखान्यात प्युजो ३०९ तयार व्हायची. लहान चाकं, जाड टायर, मऊ सस्पेन्शन. आजही इथले जुने ड्रायव्हर तिच्या चालीबद्दल बोलतात तेव्हा आवाज हळवा होतो. कारखाना गेला, जागेवर टॉवर उभे राहिले, बसच्या थांब्याला तेवढं प्रीमियरचं नाव राहिलं. इथे गाडी बनवणाऱ्यांना इथला रस्ता ठाऊक होता. आपण आता जी गाडी मागवतो ती बनवणाऱ्याला तो ठाऊक नाही, म्हणून ती माहिती आपणच ऑप्शनच्या कागदावर भरायची असते.

चाकाचा हिशोब दोन ओळींचा आहे. टायरवर २३५/४५ आर १८ लिहिलेलं असतं. २३५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के रबराची भिंत. गुणाकार करा, १०६ मिलिमीटर. पोर्शच्या ७१८ केमनला पुढे हेच माप मूळचं यायचं. जास्तीचे पैसे भरून २० इंची चाक घेतलं की टायर होतो २३५/३५. भिंत ८२ मिलिमीटर. म्हणजे पैसे भरून तुम्ही २४ मिलिमीटर रबर कमी करून घेतलं. साध्या स्विफ्टच्या १४ इंची चाकावर हीच भिंत १३२ मिलिमीटर आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं की धक्का आधी ही भिंत खाते. भिंत संपली की पुढचा धक्का अ‍ॅल्युमिनियमचा. २० इंची चाक फोटोत देखणं दिसतं, मान्य. याच रस्त्यावरच्या काटई नाक्यावर ते नुसतं उघडं पडतं.

आणि चाक वाकतं ते बाहेरून दिसत नाही. वाकते ती आतली कड, गाडीच्या पोटाकडची. बाहेरून चाक नवं कोरं, स्टिअरिंग मात्र ८०ला थरथरतं. बॅलन्सिंगवाला वजनं लावत बसतो, एकावर एक. चांगला कारागीर वजनाला हात लावायच्या आधी चाक मशीनवर फिरवतो, कडेजवळ खडू धरतो आणि जिथे उंचवटा येतो तिथे पांढरी रेघ उमटते. मग चाक काढून पान्याने टकटक करतो. धडधाकट चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बाजारात मडकं वाजवून घेतात, तसंच.

माझ्या आधीच्या गाडीचं चाक असंच तडकलं होतं, २ सेंटीमीटरची रेघ, आतल्या कडेला. एका वर्कशॉपने आर्गन वेल्डिंग करून, घासून, रंगवून दिलं. “नव्यासारखं झालं,” म्हणाले. दिसायला होतंच नव्यासारखं. ५ महिन्यांनी पुणे एक्स्प्रेसवेवर हवा उतरू लागली. बायको शेजारी, आई मागे. वेल्डच्या अगदी लगत नवी रेघ आली होती. गाडी कडेला घेईपर्यंतचे ते क्षण मी विसरलेलो नाही. म्हणून आज ठामपणे सांगतो, वाकलेलं चाक प्रेसवर सरळ करून घ्या, थोडं वाकलेलं असेल तर. तडकलेलं चाक भंगारात द्या. कितीही महागाचं असो. वेल्ड करून देणारा तुमच्या गाडीत बसणार नसतो.

याचं कारण धातूत आहे. बरीचशी ओतीव अलॉय चाकं ओतल्यावर आधी खूप तापवून पाण्यात थंड करतात, मग दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास शेकतात. त्या शेकण्याने त्यांना बळकटी येते. वेल्डिंगच्या झळीने त्या जागेची ती बळकटी जाते. चाकाला भट्टीत भाजून रंग देतात, त्या पावडर कोटिंगचंही तेच. डोंबिवली एमआयडीसीत, वागळे इस्टेटमध्ये खिडक्यांच्या ग्रिल आणि फाटकं पावडर कोट करणारे ढिगाने आहेत, कामही चोख करतात. पण लोखंडी फाटक भट्टीत अर्धा तास जास्त राहिलं तर काही बिघडत नाही. चाकाचं बिघडतं. कोटिंग पिकायला साधारण १८० ते २०० अंश आणि काही मिनिटं पुरतात. भट्टीत चाक टाकून जेवायला जाणाऱ्याकडे चाक देऊ नका. तीन-तीनदा रंग बदलून चाक पुन्हा पुन्हा भाजू नका.

रंगवून आलेलं चाक ताब्यात घेताना चेहरा बघायच्या आधी पाठ बघा. हबला टेकणारा सपाट भाग आणि बोल्ट बसतात ते खळगे, दोन्ही रंगाशिवाय, उघड्या धातूचे हवेत. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दाबाने चेपतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. फोक्सवॅगन गोल्फसारख्या गाडीला बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. टॉर्क रेंचने. पान्यावर उभं राहून उडी मारणं हे माप नव्हे. आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचा. घाईत हे कुणी करत नाही, कारण गिऱ्हाईक मागत नाही. मागा.

डायमंड कटवर भाच्याची फार भिस्त होती. लेथवर चाकाच्या तोंडाचा केसभर थर कापून ती आरशासारखी चकाकी आणतात आणि वर पारदर्शक लॅकर. दिसतं सुरेख. फूटपाथला एकदा घासलं की लॅकर फुटतं, पावसाचं पाणी आत शिरतं आणि दिवाळीपर्यंत चकाकीखाली पांढऱ्या अळ्या वळवळल्यासारख्या रेषा धावतात. मग पुन्हा लेथ, पुन्हा थर कमी. असं एकदा-दोनदाच करता येतं, पुढे धातूच उरत नाही. आपल्याकडे ४ महिने पाऊस, बाकी ८ महिने खोदकाम. साधं रंगवलेलं चांदीरंगी चाक घ्या. ओरखडा आला तर घासा, रंगवा, संपलं. सिरॅमिक ब्रेकवरही मी फुली सुचवली. ट्रॅकवर त्यांना तोड नाही, पण नाक्यावरच्या पोराने पंक्चर काढताना चाक तिरकं ओढलं आणि डिस्कची कड उडाली, तर नवी डिस्क कितीला पडते ते आधी विचारून ये, म्हटलं.

बाहेरून आणखी मोठी चाकं आणून बसवणारेही कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलंय. अपघात झाला की विमा कंपनी पहिला फोटो चाकाचा काढते.

काटईच्या पुढे गाड्या थांबल्या. २५ मिनिटं. गिअरबॉक्सचं बोलायला याहून चांगली जागा नव्हती.

ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये क्लच पाय दाबत नाही, यंत्र दाबतं, पण क्लच असतोच, आणि तो झिजतो. ब्रेकवरून पाय थोडासा उचलून गाडी बोट-बोट सरकवत राहिलात की क्लच अर्धवट टेकलेल्या अवस्थेत घसरत राहतो. कोरडा असेल तर तापतो, ओला असेल तर तेल तापवतो आणि त्यात आपली भुकटी मिसळतो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारे मी रोज बघतो. त्यांचा क्लच त्या चढावरच जळतोय. ब्रेक पूर्ण दाबा. समोर दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच निघा. त्या जागेत रिक्षा घुसेल. घुसू द्या. आपला क्लच तरी वाचतो.

आता तेल. फोक्सवॅगनच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या सहा गिअरच्या, ओल्या क्लचच्या प्रकाराला कंपनीनेच ६०,००० किलोमीटरला तेल सांगितलं होतं. काही कंपन्या ऑटोमॅटिकचं तेल ‘लाइफटाइम’ म्हणतात, पण झेडएफ, जी आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन. त्यातही हे आकडे किलोमीटरचे. सरासरी ६०च्या वेगाने ६०,००० किलोमीटर म्हणजे १,००० तास. सरासरी १५ने, म्हणजे आपल्या घोडबंदरने, तेच अंतर ४,००० तास. तेलाला किलोमीटर कळत नाहीत, ते तासन्‌तास उकळत असतं. म्हणून पुस्तकात ६० असेल तर आपण ४०ला बदलावं, हे माझं मत आहे आणि मी ते पाळतो.

बदलताना एक गोष्ट उभं राहून बघा. ओल्या डीएसजीची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना लावायची असते, स्कॅनरवर आकडा बघत. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत उभ्या गाडीचं तेलच ३५ला पोचलेलं असतं. दुपारी शीळ रस्ता तुडवत गेलात तर ते सत्तरीच्या पुढे असतं आणि फुगलेल्या तेलाची पातळी चुकीचीच लागते. रात्री गाडी वर्कशॉपला ठेवा, सकाळी पहिलं काम आपलं करून घ्या. आणि गाडी नवी असताना रनिंग-इन काटेकोर पाळा. बीएमडब्ल्यू आपल्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरवर इंजिनचं आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलायला लावते. नवे दात एकमेकांना घासून जी भुकटी पडते ती त्या पहिल्या तेलात असते.

गाडीची काळजी आपण घेऊ, पण रस्त्याचं काय? महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर आहे. त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. एवढा कर घेणाऱ्याने डांबराचा एक थर नीट द्यावा, हे मागणं गाडीवाल्याच्या चैनीचं नाही. जुलै २०१८मध्ये एकट्या कल्याणात खड्ड्यांनी माणसं मारली, एक नव्हे, अनेक. बहुतेक दुचाकीवरची. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात जीव गेला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. भाच्याला मी एवढंच बजावलं, खड्डा दिसला आणि शेजारी दुचाकी असली तर चाक जाऊ दे. स्टिअरिंग फिरवायचं नाही. चाक पुन्हा मिळतं.

परत घरी येईपर्यंत एक वाजला. त्याने कागद पुढ्यात घेतला. १८ इंची, साधं चांदीरंगी. नाक उचलायची यंत्रणा, ठळक खूण. सिरॅमिकचं प्रश्नचिन्ह स्वतःच खोडलं. समासात लिहिलं, ‘गिअर तेल – ४०,०००, सकाळी’.

रंगाचं मी विचारलं नाही. वहीत ती गाडी नेहमी लालच असायची.