आधी वेलबुट्टी, मग विठोबा

मी दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवतो. सागवानी फळी, प्रायमर, वर इनॅमल रंग आणि सुबक देवनागरी अक्षर. लोक आधी म्हणतात, ‘नशीबवान आहात, आवडीचं काम मिळालं,’ आणि मग घासाघीस करतात. धंदा एकट्याचा, त्यामुळे मालक, कारागीर, हिशेबनीस आणि शिपाई सगळे मीच, आणि यातला एकही दुसऱ्याचं ऐकत नाही.

या धंद्यातलं खरं गणित रंग वाळण्याचं. इनॅमलचा एक हात दिला की पाटी रात्रभर तरी अंगाला हात लावू देत नाही, आणि पावसाळ्यात तिचा रुसवा दुसऱ्या दिवशीही निघत नाही. म्हणून शहाण्याने सकाळी उठल्याउठल्या सगळ्या फळ्यांना प्रायमर फासावा आणि तो वाळेपर्यंत फोन, बिलं, कुरिअर उरकून घ्यावं. हे मी दुसऱ्याला फार छान समजावून सांगतो. स्वतः मात्र चहाचा कप घेऊन बसतो तो ‘कुलकर्णी’पाशीच अडकतो, कारण त्यातला रफार आणि दुसरी वेलांटी डोक्यावरच्या एकाच जागेसाठी भांडत असतात, मग त्यांची समजूत घालायला कागदावर नवं वळण, त्या वळणाला शोभेलशी कोपऱ्यात वेलबुट्टी, एक कोपरा सजला म्हणून उरलेले तीन, असं करता करता स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि भिंतीला टेकलेल्या फळ्या कोरड्या ठणठणीत दिसतात. प्रायमर लावलेलाच नसतो.

मेव्हणा कंपनीत मोठा साहेब. त्याला माझी दया आली. ‘भाऊजी, चार चौकटी आखा. तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, आणि दोन्ही नाही ते!’ हे म्हणे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने चालतं. 1954 साली त्यांनी एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला, तोही दुसऱ्या कुणाचा दाखला देऊन. माणूस मोठाच. पण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवणाऱ्याच्या यादीत ‘कुरिअरवाल्याला परत फोन करणे’ असं कलम नसावं.

तरी मी मनावर घेतलं. उरलेल्या प्लायच्या तुकड्याला घासकागद मारला, पांढरा हात दिला, लाल दुहेरी किनार ओढली, मधली रेघ जरा जाड झाली म्हणून पुसून पुन्हा ओढली, मथळ्यातल्या ‘त्त्वा’वर जीव ओतला, आणि संध्याकाळी ती पाटी भिंतीला टेकवून चार पावलं मागे सरून पाहिली. सौभाग्यवतींनीही पाहिली.

‘छान झालीय. पण अहो, यात कामं कुठायत?’

‘रंग ओला आहे अजून,’ मी म्हणालो.

तो वाळेपर्यंत 20 तारीख उलटली. पाट्या ऑनलाइन विकायला लागल्यापासून जीएसटीचं रिटर्न दर महिन्याच्या 20 तारखेला भरायचं असतं, आणि चुकलं की दिवसाला 50 रुपये लेट फी पडते. हा दर मला पाढ्यासारखा पाठ आहे. सीएच्या ऑफिसातली मुलगी आता ‘हॅलो’ न म्हणता थेट ‘काका!’ म्हणते.

पुढच्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक पाटी न्यायला आलं. वास्तुशांत दुसऱ्या दिवशी, आणि त्यांची फळी अजून प्रायमरवर. ते चौकटींपाशी जाऊन उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘आमची पाटी यातल्या कुठल्या चौकटीत?’

कुठल्याच नव्हती. मी त्यांना ‘त्त्वा’ दाखवला. त्यांना तो आवडला, ही गोष्ट माझ्या बाजूने नोंदवावी.

तुम्हाला पाटी हवी असेल तर जरूर सांगा. नाव कागदावर स्वच्छ लिहून द्या, निम्मे पैसे आगाऊ ठेवा, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. आडनाव कुलकर्णी असेल तर पुढच्या दिवाळीनंतरचा.